'टाळणे' इंग्रजीत नेताना: अव्हॉइड, इव्हेड, इल्यूड आणि बाकीची भावंडं

अक्षरओळ

गेली बारा-तेरा वर्षं मी मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते. बहुतेक कामं कोरडी असतात: करारनामे, इतिवृत्तं, चौकशी अहवाल. गेल्या महिन्यात अशाच एका अहवालात एक वाक्य आलं, "खरेदीच्या नोंदींबाबत विचारले असता त्यांनी उत्तर देण्याचे टाळले." मी लिहिलं, 'ही इव्हेडेड द क्वेश्चन'. सुटसुटीत वाटलं, पुढच्या वाक्याकडे वळले.

आठवड्याभरात काम देणाऱ्यांचा फोन आला. ज्यांच्याबद्दल ते वाक्य होतं त्यांनी लेखी हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं असं, की त्या दिवशी मी स्वच्छ सांगितलं होतं, कागद समोर नसताना बोलणार नाही, कागद दाखवा मग बोलतो. आणि या इंग्रजीत मी लबाडी केल्यासारखं दिसतंय.

मूळ मराठी पुन्हा वाचलं. 'टाळले'मध्ये त्यांचं म्हणणंही बसत होतं आणि चौकशी करणाऱ्यांचा संशयही बसत होता. मराठी वाक्याने निवाडा दिलाच नव्हता. तो मी दिला, एका क्रियापदाने. हे मला फार लागलं. मग कागदावर तीन वाक्यं एकाखाली एक लिहून काढली. 'डिक्लाइन्ड टु आन्सर' म्हणजे तोंडावर, उघड नकार. 'अव्हॉइडेड आन्सरिंग' म्हणजे उत्तर आलं नाही, कारण काय ते माहीत नाही, पण थोडा वास येतोच. 'इव्हेडेड द क्वेश्चन' म्हणजे बोलले, पण मुद्द्याला बगल दिली, आणि ती जाणूनबुजून दिली.

तेव्हापासून या शब्दांचा नादच लागलाय. अव्हॉइड, इव्हेड, इल्यूड, डॉज, शर्क, एस्केप, सरकमव्हेंट, बायपास, अव्हर्ट, एस्च्यू. शब्दकोशात एकाच्या अर्थात दुसरा दिलेला असतो, त्यामुळे तिथे हाताला काही लागत नाही. मला आत्ता सुचलेली कसोटी एवढीच आहे: समोरची गोष्ट त्या माणसावर बंधनकारक होती का? रस्त्यातला खड्डा अव्हॉइड करतात, तो कुणी इव्हेड करत नाही, कारण खड्ड्यात पडणं हे कुणाचं कर्तव्य नसतं. कर, प्रश्न, जबाबदारी, अटक या गोष्टी इव्हेड करता येतात. शर्क तर त्याहून अरुंद: फक्त आपल्या वाट्याचं काम.

ही कसोटी कुठवर टिकते? इथे वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं आहेत, आपापल्या कामात हे शब्द कसे येतात ते सांगा.

वळणवाट

धागा आवडला. मला उलट बाजूने एक गोष्ट दिसते. इंग्रजी दोष द्यायला वेगळा शब्द घेतं. आपण तोच शब्द दुहेरी करतो. 'टाळलं' यात दोष नाही, 'टाळाटाळ केली' म्हटलं की लगेच दोष आला. उडवणं आणि उडवाउडवी, टोलवणं आणि टोलवाटोलवी, तेच. नाहीतर मागे शेपूट लावतो. 'चुकवणे' स्वतः निर्मळ आहे, खड्डाही चुकवतात आणि नजरही चुकवतात. 'करचुकवेगिरी' आणि 'कामचुकार' म्हटलं की माणूस गुन्हेगार.

म्हणजे तुमच्या अहवालात 'टाळाटाळ केली' असतं तर 'इव्हेडेड' अगदी बरोबर होतं. लिहिणाऱ्याने 'टाळले' लिहिलं, तिथे त्याने निवाडा राखून ठेवला होता.

अक्षरओळ

@वळणवाट, हे मला आधी सुचायला हवं होतं. लिहून ठेवलं.

हिशेबनीस

माझ्या क्षेत्रात या दोन शब्दांमध्ये तुरुंगाची भिंत उभी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॅक्स अव्हॉइडन्स म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून कर कमी करणं. टॅक्स इव्हेजन म्हणजे उत्पन्न लपवणं, खोटे हिशेब दाखवणं. हा गुन्हा आहे. अल कपोनला अमेरिकेत 1931 साली शिक्षा झाली ती इव्हेजनची, 11 वर्षांची. अव्हॉइडन्सबद्दलचा जुना दाखला ब्रिटनचा आहे. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर आपल्या माळ्याला पगार म्हणून पैसे देण्याऐवजी करारपत्रान्वये वार्षिक रक्कम म्हणून देत असे. पगाराची वजावट मिळत नसे, या रकमेची मिळे. करखात्याने हे प्रकरण लढवलं आणि 1935 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ड्यूकच्या बाजूने निकाल दिला. आपला कर कमी पडेल अशा रीतीने व्यवहार लावून घेण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, हे तत्त्व त्या निकालावरून घट्ट झालं.

पण शब्द एका जागी बसून राहत नाहीत. पुढे अव्हॉइडन्सलाही डाग लागला. 2013 साली ब्रिटनने वित्त कायद्यात गैरवापराविरुद्धचा सर्वसाधारण नियम आणला, तो अशाच कागदोपत्री कायदेशीर पण ओढूनताणून रचलेल्या योजनांसाठी. आता ज्याला पूर्ण निर्दोष अर्थ हवा असतो तो 'टॅक्स प्लॅनिंग' म्हणतो. म्हणजे पायऱ्या तीन झाल्या: प्लॅनिंग, अव्हॉइडन्स, इव्हेजन. मराठीत मी 'करनियोजन', 'कर टाळणे' आणि 'कर चुकवणे' असे तीन वेगळे ठेवतो. बातम्यांमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी सरसकट 'करचुकवेगिरी' छापलेलं दिसतं तेव्हा राहवत नाही, कारण ज्याच्यावर गुन्हाच नाही त्याला आपण गुन्हेगार ठरवतो. अक्षरओळ यांच्या वाक्यात झालं ते नेमकं हेच.

मूळशोध

या शब्दांच्या पोटात शिरलं तर प्रत्येकात एक वेगळी हालचाल सापडते. मला त्यावरूनच ते लक्षात राहतात.

इव्हेड: लॅटिनमध्ये 'वादेरे' म्हणजे जाणे. बाहेर निघून गेला तो इव्हेड, आत घुसला तो इन्व्हेड. दोघे सख्खे भाऊ.

इल्यूड: इथे 'लुडेरे' आहे, खेळणे. डिल्यूड, कोल्यूड, ल्यूडिक्रस ही सगळी त्याच घरची. समोरच्याला खेळवत निसटणं. आपला 'हुलकावणी' हा शब्द त्याला इतका चपखल बसतो की मला नवल वाटतं, कारण हूल देणं हीसुद्धा खेळातलीच चाल आहे. झोप हुलकावणी देते, यश हुलकावणी देतं. इंग्रजीतही झोप आणि यश इल्यूड करतात.

एस्केप: 'काप्पा' म्हणजे झगा. पकडणाऱ्याच्या हातात झगा राहिला आणि माणूस निसटला, असं चित्र या शब्दामागे आहे.

ऑब्व्हिएट: 'व्हिया' म्हणजे वाट. वाटेत समोरा गेला. ऑब्व्हियस त्याचाच भाऊ, वाटेत समोरच उभा असलेला. म्हणून ऑब्व्हिएटमध्ये पळणं नाही, अडचणीला आधीच सामोरं जाऊन तिची गरज संपवणं आहे.

प्रिव्हेंट: मुळात नुसतं 'आधी येणे'. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये 119 व्या स्तोत्रात 'मी पहाटेला प्रिव्हेंट केलं' अशा अर्थाची ओळ आहे. तिथे पहाट रोखलेली नाही, उजाडण्याआधी उठून प्रार्थना केली एवढंच आहे.

आणि अव्हॉइड. त्यात 'व्हॉइड' आहे, रिकामा. रिकामं करणं हा मूळ अर्थ. अक्षरओळ, तुम्ही करारनामे करता म्हणून हे मुद्दाम सांगतो: कायद्याच्या इंग्रजीत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. ब्रिटनच्या 1906 च्या सागरी विमा कायद्यात एका पक्षाने पूर्ण सचोटी पाळली नाही तर दुसरा पक्ष करार अव्हॉइड करू शकतो, असं कलम होतं. तिथे अव्हॉइड म्हणजे करार रद्दबातल ठरवणे. 'करार टाळू शकतो' असं भाषांतर मी छापील मजकुरात पाहिलं आहे. वाचणाऱ्याला वाटेल, सही करायचं टाळा म्हणताहेत.

अक्षरओळ

@मूळशोध, विम्याच्या एका मसुद्यात मला 'इन्शुरर मे अव्हॉइड द पॉलिसी' भेटलं होतं. तेव्हा संदर्भावरून 'रद्द' लिहिलं, पण का ते कळलं नव्हतं. आज कळलं.

दुसरी घंटा

मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. व्याख्या सांगून हे शब्द मुलांच्या डोक्यात जात नाहीत, म्हणून मी कागदाचा बोळा घेते आणि सांगते, हा मी तुमच्याकडे फेकणार आहे.

फेकला, आणि एकाने मान खाली घातली. हे डक. इथे मुलं विचारतातच, बदकाचा काय संबंध? बदकाला ते नाव या क्रियापदावरून मिळालं, बुडी मारणारं म्हणून. दुसरा झटकन उडी मारून बाजूला झाला, डॉज. तिसरी शांतपणे एक पाऊल सरकली, साइडस्टेप. चौथा पहिल्यापासून दाराशी, बोळा पोचणारच नाही अशा जागी बसलेला, तो अव्हॉइड. आणि यंदा एक मुलगी उठली, माझ्यापर्यंत चालत आली आणि हातातला बोळाच काढून घेतला. वर्ग एकदम गप्प. मी फळ्यावर लिहिलं, प्रिव्हेंट. तो शब्द त्या वर्गात कुणी विसरणार नाही.

एकाने वहीने बोळा उडवून लावला तेव्हा मुलं 'अव्हर्ट' म्हणाली. ते मात्र डिफ्लेक्ट. अव्हर्ट राखून ठेवायचा येऊ घातलेल्या संकटाला आणि नजरेला. 'अपघात टळला' म्हणतो तिथे अव्हर्ट. मराठीत टाळणे आणि टळणे ही जोडी असल्यामुळे आपलं भागतं; इंग्रजीत 'टळला' म्हणायला 'वॉज अव्हर्टेड' करावं लागतं.

व्याकरणाचं एक, कारण मोठी माणसंही चुकतात. 'अव्हॉइड टु गो' होत नाही, 'अव्हॉइड गोइंग' होतं. उलट रिफ्यूज आणि डिक्लाइन यांना 'टु' लागतो. इल्यूडमध्ये कर्ता उलटतो: मला नाव आठवत नाही, तर नाव मला इल्यूड करतं. एस्केपही तसाच वापरतात. आणि शर्कपुढे 'फ्रॉम' लावू नका, तो श्रिंकचा सोबती. काम शर्क करतात, कामापासून श्रिंक होतात. पहिल्यात अंगचोरी आहे, दुसऱ्यात भीती किंवा संकोच. दोन्हींना 'कच खाल्ली' लिहिलं तर एकाचा अर्थ जातो.

सांजवारा

बोळ्याचं उदाहरण उद्याच घरी करून बघते. +१

चाचणीदार

सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. आमच्याकडे तीन शब्द रोज येतात आणि नवी मुलं ते सर्रास अदलाबदल करतात.

वर्कअराउंड म्हणजे दोष तसाच आहे, तो दुरुस्त होईपर्यंत काम चालवायची आडवाट. यात कुणाचा अपराध नाही. दोष नोंदवताना वर्कअराउंड काय हे आम्ही स्वतःच लिहून देतो. बायपास म्हणजे मधली पायरी गाळून पुढे जाणं. ते चांगलंही असतं, वाईटही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत तुंबलेली जागा तशीच ठेवून रक्ताला बाजूने नवी वाट करून देतात, तोही बायपासच. सरकमव्हेंट मात्र नियम किंवा कुलूप समोर असल्याशिवाय वापरू नये. मूळ लॅटिनमध्ये तो 'भोवती येणे', घेरणे. अमेरिकेच्या 1998 च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यात हाच शब्द आहे: हक्काच्या मजकुराला लावलेलं तांत्रिक कुलूप सरकमव्हेंट करायला मनाई.

एकदा मी एका नोंदीत 'युजर कॅन सरकमव्हेंट द लॉगिन स्क्रीन' लिहिलं. खरं तर पान परत उघडलं की लॉगिन आपोआप गळत होतं, वापरणाऱ्याने काहीच केलं नव्हतं. वरिष्ठांनी विचारलं, कुणी घुसलं होतं का? अर्धा दिवस सगळे घुसखोर शोधत बसले. 'द लॉगिन स्क्रीन इज बायपास्ड' एवढंच लिहायला हवं होतं.

काठावरून

अक्षरओळ यांच्या कसोटीशी मी सहमत नाही. इव्हेडमध्ये दोष असतोच असं नाही. युद्धाच्या संदर्भात वाचा. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात अडकलेल्या आपल्या सैनिकांना परत आणायचं काम ब्रिटनचा एमआय नाइन हा विभाग करत असे, तो 1939 च्या डिसेंबरात स्थापन झाला. त्यांच्या बोलीत एस्केपर आणि इव्हेडर हे दोन वेगळे लोक होते. जो पकडला गेला आणि नंतर कैदेतून निसटला तो एस्केपर. विमान पडल्यावर जो शत्रूच्या हाती लागलाच नाही, लपतछपत परत आला, तो इव्हेडर. त्याच्या इव्हेजनमध्ये लबाडी कसली? ते कर्तव्यच होतं.

फरक इथे दोषाचा नाही, वेळेचा आहे. एस्केपला आधी पकड लागते. इव्हेडमध्ये पकड बसतच नाही. मराठीत 'निसटला' आणि 'गुंगारा दिला'.

नांगरखूण

@काठावरून यांच्याशी सहमत, आणि समुद्रावरची एक भर. जहाजांची टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 चे आहेत. त्यातल्या आठव्या नियमाचं शीर्षकच 'टक्कर अव्हॉइड करण्यासाठीची कृती'. वाट द्यायची जबाबदारी ज्या जहाजावर आहे त्याने लवकर आणि ठळक हालचाल करून पुरेसं दूर राहायचं. तिथे अव्हॉइड करणं हेच बंधन आहे, आणि ते संकोचत, थोडंथोडं केलं तर दोष लागतो. 'टु गिव्ह अ वाइड बर्थ' हा वाक्प्रचारही दर्यावरचाच, दुसऱ्या जहाजाला मोकळी जागा सोडून जाणं. आपण 'चार हात लांब राहणं' म्हणतो.

अक्षरओळ

@काठावरून, @नांगरखूण, मान्य. माझी कसोटी अर्धी होती. बंधन आहे का हा पहिला प्रश्न. दुसरा, ते कुणाचं बंधन आणि वाक्य कुणाच्या बाजूने लिहिलंय. पकडणाऱ्याच्या अहवालात इव्हेड हा आरोप, निसटणाऱ्याच्या बाजूने तेच कौशल्य. चौकशी अहवाल पकडणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला असतो, म्हणून माझ्या वाक्यात तो आरोपच झाला.

सांजवारा

प्रीव्हॅरिकेटबद्दल कुणी सांगेल का? मी तो 'चालढकल करणे' म्हणून वापरत आलेय.

मूळशोध

चालढकल म्हणजे प्रोक्रॅस्टिनेट. त्यात 'क्रास' आहे, लॅटिनमध्ये उद्या. उद्यावर ढकलणं. प्रीव्हॅरिकेट म्हणजे बोलताना आडवळण घेणं, सरळ हो की नाही ते न सांगणं. मुळात फेंगड्या पायांनी वाकडं चालणं. रोमन कायद्यात आतून विरुद्ध पक्षाला सामील झालेल्या वकिलाला हे नाव होतं. ध्वनी जुळतात म्हणून इंग्रजी बोलणारेही या दोहोंत गोंधळतात. इक्विव्होकेट आणखी वेगळा: दोन्हीकडे लागू पडेल असं बोलणं.

एस्च्यू आणि शन राहिले. एस्च्यू म्हणजे तत्त्व म्हणून वर्ज्य करणं. शाय हा शब्द त्याच कुळातला. शन बहुधा माणसांना लागतो, त्यात तिरस्कार असतो. सगळ्यांनी मिळून, ठरवून शन केलं तर बॉयकॉट, आणि तो तर एका माणसाचं आडनाव: आयर्लंडच्या मेयो परगण्यातला जमीनदाराचा कारभारी, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. 1880 साली तिथल्या लोकांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले आणि नाव क्रियापद होऊन बसलं.

वळणवाट

अक्षरओळ, त्या वाक्याचं पुढे काय झालं?

अक्षरओळ

'डिक्लाइन्ड' लिहावं असं आधी वाटलं, पण तेही मूळ मराठीत नाही. उघड नकार दिला हे त्या गृहस्थांचं म्हणणं आहे, अहवालाचं नाही. त्यांची बाजू घेण्याचाही मला अधिकार नाही. शेवटी 'ही डिड नॉट आन्सर' केलं आणि खाली टीप दिली, की मूळ क्रियापद 'टाळणे' असून त्यातून नकार आणि बगल दोन्ही अर्थ निघतात. काम देणाऱ्यांनी ते टीपेसकट स्वीकारलं.

मग जुन्या फायली उघडून 'इव्हेडेड' शोधला. नऊ ठिकाणी सापडला. पाच ठिकाणी मुळात 'टाळाटाळ' किंवा 'उडवाउडवीची उत्तरे' आहे, ते बरोबर आहेत. तीन ठिकाणी नुसतं 'टाळले' होतं, त्या तिघांनाही कळवलं. एकावर अडकलेय. मुळात 'वेळ मारून नेली' आहे आणि मी 'इव्हेडेड द मॅटर' लिहिलंय. ते आता डोळ्यांना खुपतंय.

दुसरी घंटा

पूर्ण वाक्य द्या. 'वेळ मारून नेणे' एकटं सुटत नाही.

अक्षरओळ

"बिले पुढील आठवड्यात देतो असे सांगून त्यांनी वेळ मारून नेली." पुढे कुठेही बिलं दिल्याचा उल्लेख नाही, न दिल्याचाही नाही.

दुसरी घंटा

मग 'ही पुट देम ऑफ, सेइंग ही वुड सबमिट द बिल्स द फॉलोइंग वीक'. पुट ऑफमध्ये विचारणाऱ्याला तेवढ्यापुरतं परत पाठवलं हे येतं, आणि बिलं नंतर आली की नाही हे उघडं राहतं.

हिशेबनीस

'पुट देम ऑफ'ला माझंही मत. 'स्टॉल्ड' नको, त्यात वेळ काढायचा हेतू ठरवून टाकल्यासारखा होतो.

अक्षरओळ

हेच घेते. आज रात्री त्यांना कळवते.